भोपाळच्या साहेबाला दिलेलं भाषण

सौंसर, नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप रघुनाथमामांच्या पायांशी प्रभाकरचा साष्टांग नमस्कार. थंडीत आपला दमा कसा आहे, मामींचे गुडघे काय म्हणतात, ते कळवावं. इकडे आम्ही खुशाल. जागचे हललो नाही, पण राज्य बदललं. (तुमचं नागपूर मुंबईच्या गळ्यात, आम्ही भोपाळच्या.)

सौंसर-पांढुर्णा नागपूरसंगंच गेलं पाहिजे, अशी भाषणं मी वर्षभर ठोकली, हे आपण जाणताच. जामसांवलीच्या मारुतीपुढे नारळही फोडला. (देव तिथं निजलेला, ऐकलं की नाही, कसं कळावं?) सरकारनं मात्र ऐकलं. माझी भाषणं आवडल्यामुळे प्रसिद्धी खात्याच्या, भोपाळहून आलेल्या एका साहेबानं छिंदवाड्याला भेटीस बोलावलं. काम एवढंच, की गावोगाव फिरून मराठी लोकांना नव्या राज्याचे फायदे सांगायचे. पगार शाळेच्या दुप्पट, वर फिरायला जीप. मामा, आपल्या बहिणीचे डोळे मोतीबिंदूनं पार झाकलेत. मी कोट घातला.

उर्मिलेला माहेरी जायचं होतं, म्हणून तीही निघाली. बसमध्ये बगीचेवाला कवडू भेटला. त्याला वाटलं, मी साहेबाशी तंडायला निघालो. "मास्तर, आमच्यासाठी भांडाले चालले ना? खा, ताकद राहीन," म्हणत तो संत्री सोलून हातावर ठेवत राहिला. एकेका फोडीबरोबर मी थोडा थोडा लहान होत होतो. उर्मिला खिडकीबाहेर पाहत होती.

साहेब भला माणूस. नमुन्याचं भाषण करा म्हणाला. मी उभा राहिलो. "बंधुभगिनींनो, नव्या राज्यात..." आणि पुढे शब्दच येईना. वर्षभर ज्याला कुणी थांबवू शकलं नाही, तो मी घसा खाकरत उभा! शेवटी म्हणालो, "साहेब, पटलं नसलं की मला बोलताच येत नाही हो."

"पगार पाहिला ना?"

"पाहिला. आईचे डोळेही पाहिले."

बाहेर आलो. उर्मिलेनं बाकावरून सारं ऐकलं होतं. कोटावर सांडलेला रस पदरानं पुसत एवढंच म्हणाली, "चला, माहेरी मंग जाईन. बस सुटून राहिली." तेवढ्यात साहेबच बाहेर आला. ती मॅट्रिक झालेली कळताच त्यानं तिलाच विचारलं, सौंसरजवळच्या खेड्यांत बायांना लिहा-वाचायला शिकवाल का? शिकवणं मराठीतच. ती म्हणाली, विचार करून सांगते.

घरी आईला सगळं सांगितलं. तिनं चाचपडत माझा चेहरा धरला. "दिसत नाही तं काय झालं रे, तुहा आवाज तं वळखू येते. तो बदलवू नको."

आपला,
प्रभाकर

ता. क. खरं काम हे. उर्मिला नोकरीला हो म्हणत नाही. "तुम्ही सोडली अन् मी कशी घेऊ?" म्हणते. ती शिकवणार बाराखडी, त्यात कुणाची बाजू आली? पण माझ्या भाषणानं ती सरकारइतकीच हलते. आपलं ऐकेल. 'नोकरी घे' असं तिला लिहा. मी सांगितलं हे लिहू नका.

ता. क. (हे उर्मिलेच्या हातचं) मामाजी, नमस्कार. पत्र पेटीत टाकाले यांनी माह्याजवळच दिलं, वर म्हणाले वाचू नको. वाचलं. तुम्ही तरास घेऊ नका, सोमवारपासून कामाले जातो. पुढच्या महिन्यात सासूबाईंले डोळ्यांसाठी नागपूरले आणून राहिलो, तुमच्याकडेच उतरू. अन् यांना सांगू नका, पण त्या बाकावर बसून मी सारा वेळ हेच म्हणून राहिली होती, का देवा, यांच्या तोंडून ते भाषण निघू नये.