बाबांच्या खोलीवरचं दंव

४ नोव्हेंबर
आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांत आहे, पण घर मनात भरलं. रस्त्याच्या टोकाला, उतरत्या पत्र्याच्या छपराचं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर शिडीने जायचा पोटमाळा. कोरड्या हवेत बाबांच्या दम्याला उतार पडेल असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी इथे बदली मागून घेतली. बाबांनी खिडकीशी खुर्ची ओढली आणि जाहीर केलं की इथून सगळं गाव दिसतं, फक्त बघण्यासारखं काही नाही. किती दिवसांनी त्यांनी थट्टा केली! माझी पाठ मोडलीय, पण मन हलकं आहे.

९ नोव्हेंबर
बाबांच्या छताला ओलीचा डाग. बॅटरी घेऊन माळ्यावर गेले, तर पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब, आणि वाशांवर काळी बुरशी. पाऊस तर पडलेलाच नाही. घरमालकीणबाईंनी सुतार धाडला. तो म्हणाला, छप्पर गळत नाही, घामेजतंय. खालची उबदार, दमट हवा वर चढते आणि गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. चहाच्या भांड्यावरच्या झाकणाला जमतं तसं. स्वयंपाकघरातल्या पंख्याचा पाइप बाहेर न सोडता माळ्यावरच उघडा टाकलेला निघाला. म्हणजे आमच्या भाताची वाफ रोज वर मुक्कामाला! पाइप भिंतीतून बाहेर काढला. रजा गेली ती गेलीच.

१६ नोव्हेंबर
छपराच्या कडेला वारा खेळायला फटी ठेवलेल्या असतात. आधीच्या भाडेकरूंनी त्यांत चिंध्या कोंबल्या होत्या. त्या उपसल्या. माळ्याच्या झाकणाला रबराची पट्टी लावली, वासे पुसून काढले. ऑफिस, बाबांची औषधं आणि वर हे. माझा दादा लांब राहतो आणि फोनवर सल्ले देतो. सल्ल्याला अंग मोडावं लागत नाही.

२२ नोव्हेंबर
माळा खडखडीत कोरडा. फक्त बाबांच्या पलंगाच्या बरोबर वर, पत्र्यावर तव्याएवढा ओला गोल. सुतारानं दिव्याच्या वायरचं भोकही बुजवलं. गोल तसाच. पण बाबांचा खोकला थांबलाय, हे काय थोडं झालं?

२७ नोव्हेंबर
गोल परातीएवढा झालाय. त्याच्याखाली हात धरला. ऊब लागली. थांबली. पुन्हा लागली. वारा असेल म्हणून झाकणातून खाली डोकावले. बाबा दुपारचे झोपले होते. त्यांची छाती वर-खाली होत होती, त्याच लयीत.
उतरताना पाय घसरला. नडगी सोलवटली.

३० नोव्हेंबर
सकाळी दारात उन्हाला बसलो होतो. गारठा इतका की माझ्या, सुताराच्या, शेजारच्या काकूंच्या तोंडून वाफ निघत होती. बाबा सगळ्यांत जास्त बोलत होते. त्यांच्या तोंडून नाही.
चष्मा पुसायला त्यांनी काचेवर हाः केलं. काच धूसर झालीच नाही. त्यांनीही ते पाहिलं. मग म्हणाले, “दमच लागत नाही गं आता. माझ्या वाटचा श्वास कुणीतरी घेतंय.”
गावातल्या डॉक्टरांना घरी बोलावून दाखवलं. त्यांनी छाती साफ असल्याचं सांगून अभिनंदन केलं.

२ डिसेंबर
बाबांना माझ्या खोलीत हलवलं. संध्याकाळपर्यंत तो गोलही सरकून तिकडे आला.
सुताराला वर नेलं. त्याने गोलाखाली हात धरला. मग म्हणाला, “ताई, ओल जिथून येते ती जागा बंद केली की काम संपतं. इथे मी काय बंद करू?” आणि खाली बाबांच्या दिशेने पाहिलं. अवजारं गोळा केली आणि निघून गेला. मजुरीही घेतली नाही.

४ डिसेंबर
दादाकडे जायचं म्हणून गाडी बोलावली. कोपऱ्यावरच्या वळणालाच बाबांचे ओठ निळे पडले, डोळे फिरले. श्वास नाही. मी ओरडून गाडी वळवायला लावली. उंबरठ्याच्या आत घेताच पुन्हा नीट. पाणी मागितलं. मला म्हणाले, पोरी, तू जा. मला राहू दे.
कशी जाऊ?

५ डिसेंबर
खालून काठीने ठोकलं, उगाच. वरून काही नाही. मग वर गेले.
आता गोल दोन आहेत. मोठा जुना, आणि शेजारी एक लहान. मी निजते त्या जागेच्या बरोबर वर. दोघांची लय वेगळी—
पत्रा कोरडा पुसला. माझ्यासमोर पुन्हा ओला झाला.

७ डिसेंबर
दादा उद्या येतोय. त्याला सांगायचं की घरात पाऊल टाकू नकोस. बाहेरूनच—
आज पाणी भरलं, धुणं धुतलं, शिडी दोनदा चढले. धाप नाही. इतक्या वर्षांचा शिणवटा कुठे गेला? अंग कसं हलकं, रिकामं—
बाबा माझ्याकडे बघून रडताहेत. का, ते सांगत नाहीत.

८ डिसेंबर
फाटकाशी दादा. हाक मारतोय. मी खिडकीशी आहे; ओरडते ते त्याला ऐकू जात नाही. येऊ नको म्हणून काचेवर बोटानं लिहायचं, म्हणून काचेवर श्वास सोडला—
पुन्हा सोडला. जोरात.
काच स्वच्छ आहे. दादा हसतोय, हात हलवतोय, कडी काढतोय. काच अजून स्व—