तिसरं कडवं

८ डिसेंबर

तिसरं कडवं गाळायचं म्हणे! आज चर्चमध्ये उपासनेनंतर बैठक झाली. तरुण संघाच्या एस्तेरनं सगळं ठरवूनच आणलेलं. नाताळच्या गाणीफेरीला टेम्पो, स्पीकर, सांताक्लॉज, चॉकलेटं. गाणं आमच्या सासऱ्यांनी रचलेलंच घेणार, पण दोनच कडवी. "मावशी, सणासुदीला मरण कशाला?"

तिसऱ्या कडव्यात गव्हाणीतलं बाळ मोठं होतं, क्रुसावर जातं, आणि मरीया खाली उभी असते. ते गाळलं तर उरलं काय? कुणाचंही बारसं! मी सांगून टाकलं — मी फिरणार. पायी. तिन्ही कडवी म्हणत. पाळकसाहेबांनी बैठक आटोपती घेतली.

१४ डिसेंबर

घरोघरी फोन. एकीचे गुडघे, एकीची नातवंडं, एकीचं "बघू हं". बघू म्हणजे नाही. तरी मी जाणारच.

१९ डिसेंबर

दोघी तयार झाल्या. आज सरावाला चक्क एस्तेर आली! दारातच म्हणाली, "तुमच्यात वरचा सूर लावणारं कुणी नाही, म्हणून येते. कडव्याचं मला पटलेलं नाही." तोंडाळ आहे पोरगी. पण सूर खरंच चांगला लागतो तिचा.

२१ डिसेंबर

करंज्या केल्या. सारणातलं खोबरं करपलं. चित्त ठिकाणावर नव्हतं.

२३ डिसेंबर

संध्याकाळी निघालो. आमची जुनी रीत — ज्या दारावर चांदणी टांगलेली, ते आपल्या मंडळीतलं घर. तिथं थांबायचं, गायचं. गोडोलीच्या मागच्या गल्लीत एका नव्या घरावर चांदणी दिसली. कोण राहायला आलंय कोण जाणे, म्हणत अंगणात शिरलो आणि सुरू केलं.

दुसऱ्या कडव्याला दार उघडलं. समोरच्या भिंतीवर फौजी वर्दीतल्या तरुण मुलाचा फोटो. फोटोला हार. चांदणी नव्हतीच ती. चांदणीच्या घाटाचा दिवाळीतला आकाशकंदील होता!

कडवं कसंबसं संपवलं. मी माफी मागायला लागले. दारातल्या बाई — नाव राहीबाई — म्हणाल्या, "दिवाळीला सुट्टीवर आला हुता शंभूराज. त्यानंच लावला. म्हागारी गेला आन् म्हैनाभरात... काढू वाटत न्हाई. तुमी म्हणा की. कुणाचं बाळ जन्मलंय?"

"देवाचं," मी म्हटलं.

"मग? फुडं काय झालं त्या पोराचं?"

तिसरं कडवं ओठांवर होतं. आणि माझी हिंमत होईना. ज्याच्यासाठी सगळ्यांशी भांडले, तेच म्हणवेना. "एवढंच आहे गाणं," म्हटलं. चक्क खोटं बोलले.

मग एस्तेरनं सुरुवात केली. एकटीनं. तिसरं कडवं, सावकाश, एक शब्द न गाळता. राहीबाई उंबऱ्यावर बसल्या. संपल्यावर विचारलं, "आई तिथंच हुती?"

"होती," मी म्हटलं. "शेवटपर्यंत."

आम्ही निघताना त्या म्हणाल्या, "तुमचं देऊळ कुठं हाय?"

२४ डिसेंबर

ते मी म्हणायला हवं होतं. दिवसभर तेच मनात. एस्तेरचा फोन आला — "टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलंय. आज उरलेल्या गल्ल्या पायीच करू. तिसऱ्या कडव्याची सुरुवात तुम्ही करायची." केली.

२५ डिसेंबर

उपासनेला राहीबाई आल्या. पिशवीत तो कंदील, नीट घडी घातलेला. पोरांनी मांडलेल्या गोठ्यापुढे उभ्या राहिल्या. "ह्यातली आई कुठली?" मी मरीया दाखवली. "हिच्यापाशी लावा." एस्तेरनं सांताक्लॉजचा पुतळा बाजूला सरकवला आणि स्टूल आणलं.