पांढरं कोरल फेकायचं नाही

विहंग,

माशांच्या टाकीतलं पांढरं पडलेलं कोरल फेकू नको. काल तो कोरलवाला 'ते मेलं' म्हणाला, अन् मी बोलायले गेली तर तू त्याच्यासमोर म्हणाला, "आईले काय समजते त्यातलं?"

आठ दिवसांपासून मी तुझ्या पुस्तकातले फोटो त्या कोरलशी भिंगातून जुळवून पाहून राहिली. इंग्रजी अडलं तिथं शब्दकोश काढला; कोरल म्हणजे प्रवाळ, हेही त्यातच सापडलं. ते मेंदूसारख्या वळ्यांचं कोरल आहे. त्याचा रंग गेला, पण मांस शाबूत आहे. म्हणजे ते जिवंत आहे. जास्त उजेडानं तसं होते, म्हणून मी त्याले खाली सावलीत ठेवलं. हलवू नको.

मी कन्हानले वंदनामावशीकडे चालली, उद्या दुपारी येईन. वरण-भात झाकून ठेवला आहे.

उद्या कोरलवाला आला तर मी येईपर्यंत त्याले बसवून ठेव. चहा तू कर, बोलीन मी.

— आई