तुमच्या रानातली मेथी

नवनाथ भावजी,

तुमच्या दादांना न सांगता लिहितेय. रेल्वेची लाईन आळे गावातल्या आमच्या रानातून जाणार म्हणून नोटीस आली, तशी आमी जुन्नरच्या वकीलबाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "शेजारची जमीन पडीक आहे. लाईन तिकडून न्या, अशी हरकत घेऊ. तुमची वाचेल."

ह्यांनी सहीला उचललेला पेन खाली ठेवला. "बाई, ती माज्या भावाची हाय."

"मग दोघं मिळून हरकत घ्या. पण मोजणीत ती पडीक दिसायला नको."

वाटणीच्या भांडणापासून ह्यांनी तुमच्या बांधावर पाय ठेवला न्हवता. दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर घातला अन् तुमच्या रानात मेथी टाकली. आमचे कांदे माना टाकत व्हते, तरी पाणी आधी तिकडं. मी लई भांडले, खोटं कशाला बोलू?

मोजणीवाल्यांनी विचारलं, पीक कुणाचं? हे म्हणाले, "आमच्या नवनाथचं." इतक्या वर्सांनी तुमचं नाव ह्यांच्या तोंडून ऐकलं अन् मला हुंदका आवरंना.

आता हरकतीवर तुमची सही पायजे. पण हे पत्र मी धाडत न्हाई. वाचून तुमी सहीपुरते याल अन् जाल. त्यापरीस उद्याच्या टेम्पोत तुमच्या चाकणच्या घरी मेथीच्या जुड्या पाठवते. निरोप एवढाच, 'तुमच्या रानातली हाय.' कुणी पेरली, ते विचारायला तरी दादांना फोन कराल.

वाट बघणारी,
रत्नावहिनी