नंबर लागेपर्यंत

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा तेच. हाताला नळ्या, शेजारी मशीन, आणि डोळे मिटून पडलेले आमचे वेणीमाधवपंत. चेहऱ्यावर काय समाधान! डायलिसिस नव्हे, जणू अभ्यंगस्नान चाललंय.

"अहो, वेटिंग लिस्टचं विचारलंत का?" म्हटलं, तर म्हणे, "येईल फोन. देवाला कसली घाई?"

देवाला नसेल. मला आहे! दोन्ही किडन्या गेलेल्या माणसाची बायको आहे मी. माझी द्यायला तयार होते, तर साखर आडवी आली. आता कोणी परका देईल तेव्हा.

७ फेब्रुवारी

द्वारका चौकातल्या आमच्या कुरियर ऑफिसात आज एकजण काउंटरवर हात आपटत होता. काल टाकलेलं पार्सल अजून पुण्याला पोचलं नाही म्हणून. आत काय? चिवडा. चिवडा!

"मॅडम, आजच्या जमान्यात एवढं कोण थांबतं?"

मनात म्हटलं, या घरी, दाखवते.

घरी आले तर पंत देवापुढे. स्तोत्र नाही, माळ नाही, मागणं तर नाहीच. एस.टी. स्टँडवर बसावं तसे बसलेले. बरं, बस कुठली, कधी सुटणार, याची चौकशीसुद्धा नाही!

१५ फेब्रुवारी

यशोधनभावजींनी जप केला. म्हणजे पंतांच्या धाकट्या भावाने — रामकुंडावर यजमानांची कामं करतात. आता सगळं फोनवर. "वहिनी, मोकळा स्लॉट आहे, पटकन उरकून टाकू."

उरकलाच. समोर दोन फोन — एकावर आम्ही, दुसऱ्यावर दुबईचे कोणी. आणि संकल्पात आमच्याऐवजी दुबईकरांचं नाव घेतलं! आमचं आरोग्य गेलं दुबईला. माझ्या ऑफिसात असं झालं तर पार्सल परत तरी मागवते मी.

पंत खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "जाऊ दे. त्यालाही लागत असेल."

असा नवरा!

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

मी गेले त्र्यंबकला. रांगेत पुढचीचा व्हिडिओ कॉल, मागच्याची ऑफिस मीटिंग. देवाला भेटायला आलेत की हजेरी लावायला? पिंडीसमोर "चला, चला, पुढे चला". तेवढ्यात माझे दोनच शब्द झाले — किडनी दे.

घरी पंतांनी विचारलं, "काय मागितलंस?"

"दुसरं काय मागणार!"

मग म्हणाले, "मी नाही मागत."

"ठाऊक आहे. आळस."

"आळस नाही गं. कोणी गेलं तरच माझा नंबर. चांगलं धडधाकट माणूस, सकाळी डबा घेऊन निघालेलं. ते लवकर कर, असं सांगू देवाला?"

"माणसं तशीही मरतातच! तुम्ही मागितलं नाही म्हणून कोणी जगणार आहे का?"

माझ्याकडे नुसतं बघितलं. मला नाही आवडत ते बघणं. साधुत्वाची मिजास! ती त्यांनी करायची, आणि डॉक्टरांच्या हुकमाने मोजून पाणी मी द्यायचं.

२७ फेब्रुवारी

बोललो नाही.

९ मार्च

छातीत पाणी झालं. काल ॲडमिट केलं. अंथरुणात उठून बसले होते, मासा तडफडतो तसे.

आज जरा बरे. तृप्ती सिस्टर म्हणते, "काका किती शांत आहेत ना!" म्हटलं, शांत कसले, थकलेत.

ती गेल्यावर यांनी माझं मनगट धरलं. घट्ट.

"मालिनी, मला भीती वाटते."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

"मग मागा ना देवाकडे!"

"रोज तोंडापर्यंत येतं. ते बाहेर पडू नये म्हणून तर बसतो तिथे."

मला वाटत होतं यांना काही लागतच नाही. आळशी म्हटलं मी यांना.

पण मग घरी येऊन दिवा लावला आणि देवाला स्पष्ट सांगितलं — यांचं ऐकू नकोस. माझं ऐक. लवकर.

१८ मार्च

फोन आला! भर दुपारी, काउंटरवर गर्दी असताना. "किडनी मिळतेय. काकांना घेऊन ताबडतोब या." पावत्या तशाच टाकून पळाले. कोणी ओरडत होतं, ओरडू दे!

रिक्षात मी सारखी बडबडत होते. ऐकलं! माझं ऐकलं! बसून राहून काही होत नसतं, मागावं लागतं.

"बघितलंत?" मी म्हटलं.

"कोण गेलं असेल?" ते म्हणाले.

मला रागच आला. आजच्या दिवशीसुद्धा!

१९ मार्च

यांना आत नेलं. बाहेर बाकावर एक बाई होती, माझ्याच वयाची. मांडीवर हेल्मेट. कोणाची किडनी कोणाला, ते इथे सांगत नाहीत. मी विचारलंही नाही. तीच बोलायला लागली, समोरच्या भिंतीकडे बघत.

"हिरामण, माझा पोरगा. शिन्नरला कंपनीत जात व्हता. मेंदू मेला, समदं आटपलं म्हनत्यात, पन हात गरम व्हता वो त्याचा. मी सही केली. म्हनलं, दुसरं कोनी जगंल. फकस्त जरा थांबा म्हनलं, लगेच नका नेऊ. थांबले बिचारे. पन किती थांबत्याल?"

मग माझ्याकडे वळली. "तुमचं कोन हाय आत?"

मी तिचा हात धरला. देवाला काय सांगावं, ते सुचेना.