पाचाची बारा

इनिड, ओक्लाहोमा
१४ ऑगस्ट २०१६

लाडक्या टेसास,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पक्षाघातानंतर बाबांचा डावा हात आता कप उचलतोय हे वाचून बरं वाटलं. इथे ऊन मरणाचं आहे. जेवण बरं असतं, पण आपल्या गोठ्यातल्या दुधावर वाढलेल्या मला इथलं चीज अगदीच बेचव लागतं. तू हसशील.

शेजारचे वॉल्टरकाका आपल्या सगळ्या गायी विकत घ्यायला तयार आहेत आणि तू येत्या शुक्रवारी त्यांना नाही म्हणणार आहेस, हे तू शेवटच्या ओळीत लिहिलंस. ‘पाच वर्षांचाच तर प्रश्न आहे, मग तू येशील.’ ती ओळ वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. तीन दिवस उघडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली त्या आठवड्यात स्वयंपाकघरात मीच म्हणाले होते, "हवाई दलाच्या अकादमीतून बाहेर पडले की पाच वर्षं नोकरी सक्तीची. ती संपली की मी घरी, तू कॉलेजात." तू म्हणालीस, "तेव्हा मी सत्तावीसची असेन. सत्तावीस म्हणजे काही म्हातारपण नाही." आणि पशुवैद्यकाच्या प्रवेशाचं पत्र फ्रीजवरून काढून टाकलंस.

टेसा, पाच वर्षं इतरांना; मी वैमानिक व्हायच्या कागदावर सही केलीय. वैमानिकाला दहा, आणि तीही प्रशिक्षण संपल्यावर मोजायची. म्हणजे पाचाची जवळपास बारा होतील, २०२७ उलटेल.

मला कोणी भरीस घातलं नाही. कागद पुढे ठेवून मेजर म्हणाले, "सही करण्याआधी घरी कुणाला विचारायचंय?"

मी म्हणाले, "नाही सर."

हे एप्रिलमधलं. मे महिन्यात पदवीदानाला बाबा एकटेच आले, कारण धारा काढायला तू मागे थांबलीस. गाडीत बसताना त्यांनी विचारलं, "आता पाचच ना गं?" मी हो म्हणाले. काठी टेकत आलेल्या माणसाशी मी खोटं बोलले.

तुला कारण हवं असेल. पहिल्यांदा विमान माझ्या हातात आलं, तेव्हा खाली शेतं होती आणि मला आपलं शेत आठवलं नाही. तूही नाही. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. याची लाज वाटते, पण पुन्हा विचारलं तरी मी सहीच करेन.

आज सकाळी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी गोठ्यातला रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "टेसाला तू सांग. तुझं काम मी करणार नाही."

म्हणून हे पत्र. वॉल्टरकाकांना हो म्हण. गायी गेल्या तर बाबांना दुःख होईल, पण ते तुझ्या डोक्यावर नको. गायी विकायचं माझंच म्हणणं आहे, असं मी त्यांना सांगितलंय. कॉलेजात पुन्हा अर्ज कर. तू माझ्यासाठी थांबलीस ती दोन वर्षं मला परत देता येणार नाहीत.

शिव्या देणारं पत्र पाठवलंस तरी शेवटपर्यंत वाचेन. काहीच पाठवलं नाहीस, तर तेही समजेन.

दर पत्राच्या शेवटी ‘लवकरच येते’ लिहायची मला सवय पडलीय. आज लिहीत नाही.

तुझी बहीण,
कॉरीन