शिवदाऱ्याशिवाय

लातूर, मंगळवार

तीर्थस्वरूप गुरुलिंगअण्णांना गौरम्माचे शरणु शरणार्थ.

माझ्या संगमेशला काल दारू सोडवायच्या वॉर्डात घेतलं. दोन घास जेवला, काळजी करू नका. वहिनींचा गुडघा कसा आहे?

एक गोष्ट माझ्याकडूनच कळलेली बरी. आत पट्टा, नाडी, कसलाच दोरा चालत नाही. सिस्टर म्हणाल्या, गळ्यातला लिंगाचा शिवदारा काढा. संगमेश उठलाच. "लिंग उतरवून जगू व्हय? चल आई, आपल्या मुखेडची गाडी हाय."

मीही भांडले. तेव्हा सिस्टर हळूच म्हणाल्या, "मावशी, दारू सुटताना काही जण जीव द्यायला बघतात. म्हणून दोरा नको."

संगमेशचे वडील तसेच गेले. त्यांची अशी राखण कुणी केली नव्हती.

शिवदारा मीच कापला. सदऱ्याला आतून खिसा शिवून लिंग त्यात ठेवलं. "पूजेला तळहातावरच घेतोस की रे," म्हटलं. तो आत गेला. अण्णा, रागवायचं तर माझ्यावर रागवा.

मोफत उपचाराच्या सरकारी कार्डात हा आजार बसतो का, एक जण हो म्हणतो, दुसरा नाही. व्यसन हा मनाचा आजार, आणि मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा असा कायदा आहे, हे मी वाचलंय. खिडकीवर तसं सांगून आले. आता उत्तराची वाट बघत जिन्यापाशी बसते, उठते, परत बसते.

गावात तुम्ही त्याला कावीळ झाली म्हणून सांगितलंय. आता खरं सांगा. तो परतेल तेव्हा त्याला तोंड लपवावं लागू नये.

तुमची धाकटी,
गौरम्मा